शिक्क्याची न उमटणारी बाजू

मराठीत एखादी गोष्ट पक्की झाली की आपण म्हणतो, शिक्कामोर्तब झालं. पेपरवाले तर रोज म्हणतात. युतीवर शिक्कामोर्तब, उमेदवारीवर शिक्कामोर्तब, कोचच्या नावावर शिक्कामोर्तब. पण हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत आणि दोघांची कामंही वेगळी होती. शिक्का म्हणजे पत्र कोणाचं आहे ते सांगणारी मुद्रा. आणि मोर्तब म्हणजे मजकूर जिथे संपतो तिथे उमटवायचा छोटा शिक्का, त्याच्याखाली मागाहून कोणी एखादी ओळ घुसडू नये म्हणून. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एक ऑथेंटिकेशन आणि दुसरं एंड ऑफ फाइल :) शिवाजी महाराजांच्या पत्रांवर हे दोन्ही दिसतात. माथ्यावर अष्टकोनी राजमुद्रा आणि शेवटी 'इथे मर्यादा झाली' अशा अर्थाची छोटी मुद्रा. २०२२ साली नौदलाच्या नव्या ध्वजावर जो अष्टकोन आला तोही याच राजमुद्रेवरून.

हे सगळं आज काढायचं कारण म्हणजे माझ्या एका मैत्रिणीचा स्टीलचा डबा. मैत्रीण डोंबिवलीचीच, जे. जे.मधून शिकलेली चित्रकार. आम्ही शाळेपासूनचे दोस्त. मी इंजिनिअरिंग करून ठाण्याला गाडी बदलून ऐरोली गाठणाऱ्या जमातीत सामील झालो, ती ब्रश घेऊन फिरायला लागली. गेल्या काही वर्षांत तैवान, जपान, कोरिया अशा ठिकाणी महिना-दोन महिने राहून, तिथल्या चित्रकारांबरोबर काम करून आली. आपण आयटीवाले ऑनसाइटहून येताना चॉकलेटं आणि फ्रिजला चिकटवायची मॅग्नेटं आणतो. ही प्रत्येक ठिकाणाहून स्वतःच्या नावाचा शिक्का घेऊन आली. तीन देश, चार शिक्के. त्यातला एकही दुकानातून विकत घेतलेला नाही. प्रत्येक शिक्का तिथल्या कुणा ना कुणा मित्राने तिच्यासाठी बसून कोरलाय.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चीन, जपान, कोरियाकडचा पारंपरिक चित्रकार चित्रावर नुसती सही करून थांबत नाही, नावाचा लाल शिक्का उमटवतो. शिक्का बहुतेक वेळा मऊ दगडाचा, लांबीला आपल्या बोटाएवढा. अक्षरं खोल कोरली तर लाल चौकटीत पांढरं नाव उमटतं आणि आजूबाजूचा दगड काढून टाकला तर पांढऱ्यावर लाल. अक्षरं अर्थातच उलटी कोरायची, आरशातल्यासारखी. शाईसुद्धा आपली स्टँप पॅडवाली नाही. हिंगूळ आणि एरंडेल तेल यांचा घट्ट लगदा असतो, आणि तो धरून ठेवायला आपल्या दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचे तंतू घालतात. ही कला इतकी मुरलेली आहे की हांगचौ शहरात १९०४ सालापासून शिक्के कोरणाऱ्यांची एक संस्था आहे, आणि २००९ मध्ये युनेस्कोने चिनी शिक्केकोरणीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. विसाव्या शतकातला चीनचा सगळ्यात गाजलेला चित्रकार छी पायश् हा मूळचा सुतार, आणि चित्रांइतकाच शिक्के कोरण्याबद्दलही प्रसिद्ध.

पण मला खरी गंमत वाटली ती वेगळीच. शिक्क्याच्या तळावर नाव असतं, ते कागदावर उमटतं. पण दगडाच्या अंगावर, बाजूला, बारीक अक्षरांत आणखी काहीतरी कोरलेलं असतं. चिनी भाषेत त्याला ब्येनख्वान म्हणतात. हा शिक्का कोणी कोरला, कोणासाठी, कधी, कुठे. कधी कधी त्या दिवसाबद्दल एखादं वाक्य. हे कागदावर कधीच उमटत नाही. म्हणजे जगाला दिसतं ते तुमचं नाव, आणि शिक्का ज्याच्या हातात असतो त्यालाच दिसतं ते मित्राचं नाव.

मैत्रिणीचा तैवानचा शिक्का तिथल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी कोरलेला आहे. ते आता नाहीत. दगडाच्या बाजूला त्यांचं नाव आहे, तिचं आहे, साल आहे आणि त्या दिवशी पाऊस होता एवढंच लिहिलंय. जपानचा शिक्का तर मला फार आवडला. हिच्या आडनावात ळ आहे. जपानीत ळ नाहीच, ल आणि र हेसुद्धा वेगळे नाहीत. कुलकर्णी तिकडे गेले की कुरुकारुनि होतात, मग ळ ची काय कथा. तर तो जपानी दोस्त, लाकडी ठशांची चित्रं करणारा, त्याने तिला ते आडनाव पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. स्वतः म्हणून बघितलं. जिभेला जमेना. शेवटी तळावर त्याने जपानी लिपीत रु कोरला, पण तिच्याकडून कागदावर ळ लिहून घेतला आणि तो चित्रासारखा बघून बघून दगडाच्या बाजूला कोरला. जरा वाकडा आलाय. पण ळ आहे!

आता एखादा म्हणेल, हे ठीक आहे, पण शिक्क्याचं इतकं कौतुक कशाला? आणि तो म्हणेल ते खरंच आहे. ओळख पटवायचं साधन म्हणून शिक्का अगदी टाकाऊ. सही निदान हाताच्या वळणात असते. शिक्का ज्याच्या हातात तो मालक. ठाणे स्टेशनपासून कल्याणपर्यंत कुठल्याही स्टेशनबाहेर रबर स्टँप, लॅमिनेशन, झेरॉक्स अशी पाटी लावलेला गाळा सापडतो, तिथे थोड्या वेळात पाहिजे त्या नावाचा शिक्का तयार मिळतो. जपानात तर नेहमीच्या आडनावांचे तयार शिक्के शंभर येनच्या दुकानात टांगलेले असतात. तरी तिथे ऑफिसातल्या प्रत्येक कागदावर शिक्का लागायचा. २०२० मध्ये कोविडच्या काळात लोक घरून काम करायला लागले आणि नुसता शिक्का मारायला लोकलने ऑफिस गाठायला लागले, तेव्हा सगळ्यांना त्यातला वेडेपणा दिसला. प्रशासकीय सुधारणांचे मंत्री कोनो तारो यांनी त्याच वर्षी ठरवलं की शिक्का लागणाऱ्या सुमारे १५ हजार सरकारी कामांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त कामांतून तो काढून टाकायचा.

आपल्याकडेही तेच झालं. माझ्या वयाच्या लोकांना अंधुक आठवत असेल, कॉलेजच्या अ‍ॅडमिशनला मार्कशीटच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का लागायचा आणि असा अधिकारी ओळखीत कोण आहे याचा शोध सगळ्या चाळीत सुरू व्हायचा. २०१४ च्या सुमारास केंद्र सरकारनेच सांगितलं की स्वतःची सही चालवून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला आणि डिजिटल सहीला मान्यता मिळाली. तीही तत्त्वाने शिक्काच आहे. खाजगी किल्ली ज्याच्याकडे, सही त्याची. म्हणून तर कितीतरी शेटजींची सही यूएसबी टोकनमध्ये बंद होऊन त्यांच्या सीएच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते :)

इंजिनिअर म्हणून मी या सगळ्याच्या बाजूने आहे. ऑफिसातला शिक्का जायलाच हवा होता. पण म्हणूनच मला मैत्रिणीचा डबा जास्त आवडतो. त्या चार दगडांचा व्यवहारात काडीचा उपयोग नाही. बँक ते मानणार नाही, पासपोर्टवाले मानणार नाहीत. शिक्क्यातला सगळा सरकारी उपयोग काढून घेतला की जे उरतं तेच फक्त त्यात आहे. कुणीतरी माझं नाव समजून घेतलं आणि त्यावर कष्ट घेतले, एवढंच. ओटीपीला अशी बाजू नसते.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. १९२४ मध्ये रवींद्रनाथ टागोर चीनला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर चित्रकार नंदलाल बोस होते. त्या वर्षी टागोरांचा वाढदिवस बीजिंगमध्ये साजरा झाला आणि ल्यांग छीछाव या विद्वान गृहस्थांनी त्यांना चिनी नाव दिलं, चू चन्तान. त्यातलं चू हे भारताच्या जुन्या चिनी नावातून घेतलेलं. आणि चन्तान म्हणजे चीनला पूर्वी भारतातून मिळालेलं नाव. शिवाय त्या अक्षरांत मेघगर्जना आणि पहाट हे दोन्ही अर्थ. म्हणजे इंद्र आला आणि रवीही आला. रवींद्र! हे नाव कोरलेला दगडी शिक्काही त्यांना भेट मिळाला. उच्चार बघाल तर रवींद्रनाथ आणि चू चन्तान यांचा काडीचा संबंध नाही. पण नाव देणाऱ्या माणसाने आधी मूळ नावाचा अर्थ समजून घेतला, मग दोन देशांच्या नावांची गाठ मारली. इतका विचार आपण मुलांची नावं ठेवतानाही करत नाही. नंदलालबाबूंच्या नंतरच्या कितीतरी शाईचित्रांच्या कोपऱ्यात लाल शिक्का दिसतो तो याच येण्याजाण्यातून आलेला. आणि हे येणंजाणं दोन्ही बाजूंनी होतं. त्याच्या काही वर्षं आधी त्यांचे मित्र झालेले जपानी चित्रकार आराई काम्पो आपल्या अजिंठ्याला येऊन राहिले होते, लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला. त्या नकला जपानात नेल्या आणि १९२३ च्या भूकंपात जळून गेल्या. मैत्री मात्र राहिली.

चित्रकारांचं सोडा. आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस घ्या. १ सप्टेंबर १९३८ ला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीने चीनला निघालं. त्यात कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. तिथे पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या शेवटी एक अक्षर सारखं होतं, हुआ. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ख तीहुआ, चोळकर झाले च्वो खहुआ. ण गेला, ळ गेला, पण बदल्यात एक अख्खा देश नावात आला. कोटणीस परत आलेच नाहीत. तिथेच लग्न केलं, १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव इन्हुआ. इन् म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटणीस गेले, वय वर्षं ३२. चीनमध्ये त्यांची समाधी आहे आणि लोक त्यांना तिथे त्या चिनी नावानेच ओळखतात.

तर मुद्दा असा की नाव बदललं म्हणून अपमान होत नाही. आपल्याकडे यावरून लगेच अस्मितेचा विषय होतो, पण माझं म्हणणं ते नाही. कोटणीसांचं ख तीहुआ झालं तो सन्मानच होता. ळ चा रु झाला तरी माझ्या मैत्रिणीला वाईट वाटलं नाही. कारण समोरच्याने आधी मूळ नाव विचारलं होतं, ऐकलं होतं, घेऊन बघितलं होतं. अपमान होतो तो समोरच्याने काहीच न करता नाव आपल्या सोयीचं करून टाकलं की.

आता आपल्या ऑफिसात बघा. सिद्धेश्वरचा सिड होतो, श्रीनिवासचा श्री होतो, ज्ञानेश्वरचा डॅनी झालेलासुद्धा मी पाहिलाय. क्लायंटला त्रास नको म्हणून क्लायंटने मागायच्या आधीच आपण नाव कापून देतो. फॉर्मचं तर विचारूच नका. फर्स्ट नेम आणि लास्ट नेम असे दोन डबे, आणि आपली नावं तीन डब्यांची. दक्षिणेकडच्या कितीतरी लोकांचं नाव एकाच डब्याचं. त्याला अमेरिकेच्या व्हिसावर एफएनयू असं फर्स्ट नेम मिळतं, म्हणजे फर्स्ट नेम अननोन. आईबापांनी हौसेने नाव ठेवलेला माणूस कागदोपत्री अज्ञात! हे डबे देवाने केलेले नाहीत, आमच्यासारख्याच कुणा डेव्हलपरने केलेत. तेव्हा ते बदलणंही आमच्याच हातात आहे.

पण सगळं खापर गोऱ्या क्लायंटवर फोडून चालणार नाही. आपण काय करतो? दक्षिणेकडून आलेला प्रत्येक जण अण्णा. उत्तरेकडून आलेला प्रत्येक जण भैया. आणि सोसायटीचा वॉचमन नेपाळचा असेल तर त्याचं नाव काहीही असो, तो बहादूर. एक बहादूर गावाला जातो, दुसरा येतो, तोही बहादूर. वीस-वीस वर्षं त्यांनी आपल्या गाड्यांवर आणि पोरांवर नजर ठेवलेली असते, आणि त्यांचं नाव सोसायटीत सेक्रेटरीच्या रजिस्टरशिवाय कुठेच नसतं. कोटणीसांना चीनमध्ये 'ए हिंदुस्तानी' म्हणून भागवता आलं असतं की. त्यांनी तसं केलं नाही म्हणून आज ती गोष्ट सांगायला आपल्याला अभिमान वाटतो.

खरं तर नाव एकट्याचं नसतं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. राजमुद्रेत महाराज स्वतःची ओळख शहाजीराजांचा पुत्र अशी करून देतात. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी शाहू राजाचं नाव, मग स्वतःचं. आपण जन्मभर मधल्या डब्यात बापाचं नाव घेऊन फिरतो. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचंही नाव लागेल, बापाच्या आधी. मला हा निर्णय फार आवडला. इतकी वर्षं आईचं नाव त्या शिक्क्याच्या न उमटणाऱ्या बाजूला होतं, ते तळावर आलं.

आणि आईचा विषय निघालाच आहे तर खरं दुखणं सांगतो. आपल्याकडे लग्न होऊन मुलगी घरी आली की ताम्हणात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यावर अंगठीने तिचं नवं नाव लिहितो. आडनाव बदलतंच, पण कितीतरी घरांत पहिलं नावही बदलतं. माझ्या आईचं बदललं. तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. माहेरच्या मैत्रिणी आल्या की त्या तिला जुन्या नावाने हाक मारतात आणि आई चटकन मान वळवते, अगदी कॉलेजातल्या मुलीसारखी. आजोबा गेल्यावर त्यांच्या फ्लॅटच्या कागदांसाठी या दोन नावांच्या बायका एकच आहेत हे सिद्ध करायला आम्हाला प्रतिज्ञापत्र, गॅझेट, लग्नाचा दाखला असं सगळं गोळा करावं लागलं. पण कागदांचं जाऊ दे. मी तिला एकदा विचारलं, तुला कुणी विचारलं होतं का गं, नाव बदलू का म्हणून? ती म्हणाली, "तेव्हा कुठे कोण विचारायचं? ताम्हणात बघितलं तेव्हा मलाच कळलं."

काहींना नवं नाव आवडतं, काहींनी ते नवऱ्याबरोबर बसून निवडलेलं असतं. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो एका अर्थाने मित्राने कोरलेला शिक्काच झाला. पण न विचारता दिलेलं नाव म्हणजे स्टेशनबाहेरच्या गाळ्यावरचा रबर स्टँप. गेल्या वर्षी माझं लग्न झालं, तेव्हा ताम्हण, तांदूळ, अंगठी सगळं केलं आणि तांदळात बायकोचं होतं तेच नाव लिहिलं. आजी थोडी कुरकुरली. म्हणाली, हौस म्हणून तरी काहीतरी नवीन ठेवायचं. आई मात्र काहीच बोलली नाही. तिने ते तांदूळ इतर तांदळात मिसळू दिले नाहीत. वेगळ्या डब्यात भरून ठेवलेत.

म्हणून माझा आपला साधा आग्रह आहे. जपान-तैवानला गेलात तर मशीनवर दहा मिनिटांत कोरून मिळणारा शिक्का घेऊ नका, कुणाशी तरी ओळख करून घ्या. पण त्यासाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. सोमवारी टीममध्ये नवीन कुणी आलं असेल तर त्याचं पूर्ण नाव विचारा, दोनदा म्हणायला लावा, देवनागरीत लिहून बघा. आपल्या लिपीत बरंच काही मावतं, ळ सुद्धा. स्वतःचं नाव सांगताना आधी पूर्ण सांगा, कापायचं असेल तर समोरच्याला मागू दे. फॉर्म बनवत असाल तर नावाला एकच मोठा डबा ठेवा. आणि आज रात्री खाली उतराल तेव्हा बहादूरला त्याचं नाव विचारा. आमच्या सोसायटीतल्या बहादूरला मी विचारलं तेव्हा तो आधी दचकला, त्याला वाटलं काहीतरी तक्रार आहे. मग त्याने नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, आणि माझं पूर्ण नाव विचारून घेतलं. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी नुसता चारशे दोनवाला होतो.

असो. बराच लांबला विषय. पुढच्या वीकेंडला भेटूच.